जत्रा लेकरांची, व्यवस्था कोणाची?

चैत्राची पालवी फुटली की बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील गावांना जत्रांचे वेध लागतात. रब्बीची सुगी आटोपलेली असते, मुलांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात, लेकी बाळांना घेऊन माहेरी आलेल्या असतात आणि पुण्या-मुंबईस पोटासाठी गेलेला गावकरीही या एका दिवसासाठी सवड काढून परततो. ग्रामदैवताला पोशाख, मानाच्या काठ्या, रात्रीचा छबिना, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा आणि त्यानंतर तमाशाचा फड, हा क्रम बहुतेक गावी थोड्याफार फरकाने सारखाच असतो. चैत्रापासून वैशाखाच्या अखेरीपर्यंत ही मालिका चालते. तिचा एक मोठा सोहळा इंदापूर तालुक्याच्या आग्नेय टोकाला, जेथे नीरा भीमेला मिळते त्या नीरा नरसिंहपूर क्षेत्री, वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंहजयंतीच्या निमित्ताने भरतो.

या जत्रा कोणासाठी भरतात, असे विचारले तर देवासाठी असे उत्तर मिळेल आणि ते खोटे नाही. परंतु जत्रेच्या वाटेवर जो घटकाभर उभा राहील त्याला दुसरेही एक उत्तर दिसेल. बापाच्या खांद्यावर बसून कळसाकडे बोट दाखविणारे, आईच्या कडेवरून फुग्यासाठी हात लांबविणारे, आजोबांच्या धोतराचा सोगा धरून पाळण्याकडे ओढ घेणारे लेकरू हेच जत्रेचे खरे गिऱ्हाईक असते. पिपाणी, भिंगरी आणि चष्मा त्याच्यासाठी. गोडीशेव आणि रेवड्या त्याच्यासाठी. आकाशपाळणा आणि फिरते घोडेही त्याच्याचसाठी. ज्या घराला वर्षात दुसरी सहल माहीत नाही, त्या घरातील मुलाची बाहेरच्या जगाशी पहिली ओळख जत्रेत होते. आपल्या गावाहून मोठे असे काही आहे, आपण अनेकांपैकी एक आहोत, याची जाणीव त्याला गर्दीत आईचे बोट घट्ट धरताना प्रथम होते. लोकशिक्षणाच्या दृष्टीने या अनुभवाचे मोल थोडे नाही.

असे असूनही जत्रेची व्यवस्था ठरविण्यासाठी जी बैठक भरते, तिच्यात या गिऱ्हाइकाचा विचार क्वचितच होतो. वर्गणी किती, आखाड्याचे इनाम किती, फड कोणाचा आणावयाचा, मिरवणुकीचा मार्ग कोणता, दुकानांच्या जागांचा लिलाव कसा, यांवर रात्र रात्र चर्चा झडतात. दोन वर्षांचे मूल दुपारी बारा वाजता कोठे निजेल, अंगावर पिणाऱ्या बाळाची आई कोठे बसेल, पाच वर्षांचे पोर नदीत उतरले तर त्याला कोण अडवील, हे प्रश्न कोणी विचारीत नाही. ही ज्याच्या त्याच्या आईबापांची जबाबदारी मानली जाते. ती त्यांची आहे यात शंका नाही. परंतु ती केवळ त्यांचीच आहे काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

देव तिन्हीसांजेचा, गर्दी दुपारची

बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेचे तालुके आहेत. नीरेच्या डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथील बराचसा भाग बागायती केला आणि उसाने व कारखान्यांनी त्याचे रूप पालटले, तरी वैशाखातील ऊन पालटलेले नाही. पारा चाळीस अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि काही दिवस त्याच्याही पुढे जातो. त्यात नदीकाठच्या वाळूचा आणि फरसबंदीचा भर पडतो. देवळाच्या आवारात अनवाणी चालावयाचे असते. मोठा माणूस पाय उचलीत पळत जातो. लहान मूल मात्र भांबावून तापल्या फरशीवरच उभे राहते आणि रडते.

लहान मुलाला ऊन मोठ्या माणसापेक्षा अधिक बाधते, याला शास्त्रीय कारण आहे. त्याच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा विस्तार अधिक असतो. त्यामुळे भोवतालची उष्णता त्याच्या अंगात लवकर शिरते. त्याला घाम कमी येतो आणि घामाने होणारा थंडावाही कमी मिळतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तहान लागली हे त्याला सांगता येत नाही. ते किरकिर करते, मग मलूल होते, त्याचे ओठ सुकतात, लघवी कमी होते आणि अंग तापू लागते. जत्रेच्या गडबडीत या चिन्हांचा अर्थ पुष्कळदा दृष्ट लागली असा केला जातो आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या जातात. तेच मीठ अर्धा चमचा, त्यात सहा चमचे साखर, असे एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट घोट पाजले तर आरंभीच पुष्कळ बिघाड टळतो. मूल गुंगीत गेले असेल, तर मात्र काही पाजण्याच्या भरीस न पडता त्याला सावलीत नेऊन, अंग ओल्या फडक्याने पुसून, तत्काळ दवाखाना गाठला पाहिजे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला उन्हाळ्यातही आईच्या दुधावाचून वेगळे पाणी लागत नाही. पण त्याच्या आईला पाणी पुष्कळ लागते आणि दूध पाजण्यासाठी आडोशाची सावली लागते. ही माहिती गुप्त नाही. ती सांगणारे माणूस जत्रेत हजर नसते, एवढेच.

उन्हाकडे डोळेझाक केल्याची किंमत किती जबर असते, हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथील उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा समारंभ झाला. लाखोंचा समुदाय भर उन्हात बसून होता. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. तो समारंभ राजधानीच्या दारात, शासनाच्या देखरेखीखाली आणि सर्व यंत्रणा हाताशी असताना झालेला होता. जेथे जवळचा दवाखाना अनेक मैल दूर आहे, अशा नदीकाठच्या जत्रेने त्यावरून काय तो बोध घ्यावयाचा आहे.

येथे नरसिंहपूरच्या देवाचे स्मरण उपयोगी पडावे. हिरण्यकशिपूला दिवसा मरण नव्हते आणि रात्रीही नव्हते. म्हणून नृसिंह तिन्हीसांजेला प्रकटला, अशी कथा आहे. जयंतीचा मुहूर्तही त्यामुळे सूर्यास्ताचा असतो. देवाचा जन्म ज्या उत्सवात संध्याकाळी होतो, त्या उत्सवाची गर्दी भर दुपारी उन्हात ताटकळत ठेवण्याचे धार्मिक कारण काहीच नाही. सकाळी दहापूर्वी आणि दुपारी चारनंतर दर्शनाचा मुख्य ओघ ठेवणे, मधल्या वेळेत लेकुरवाळ्यांना रांगेत उभे न करता वेगळ्या वाटेने सोडणे आणि त्या वेळेत वाजंत्री, मिरवणूक, सत्कार, भाषणे यांना विश्रांती देणे, यात देवाचा कोणता अपमान होतो? उलट तो देव एका बालकाच्या हाकेसरशी खांबातून बाहेर आलेला आहे. तेथील मूर्ती वाळूची असून ती प्रल्हादाने स्वतः घडविली, अशी क्षेत्राची परंपरा सांगते. नदीकाठी वाळूत खेळणाऱ्या मुलानेच ज्या क्षेत्राचा पाया घातला असे मानले जाते, त्या क्षेत्री मुलांची सोय हा पूजेचाच एक भाग ठरावा.

यावर काही वडीलधारी मंडळी म्हणतील की आमच्या लहानपणी असले काही नव्हते आणि तरीही आम्ही जत्रा पाहिल्या. हे म्हणणे खरे आहे. परंतु अपुरे आहे. जुनी जत्रा उन्हाच्या कलाने चालत असे. बैलगाड्या रात्रीच्या गारव्यात निघत आणि पहाटे पोहोचत. गाडीखाली पाण्याची घागर आणि सावली दोन्ही असत. मुक्काम आमराईत किंवा चिंचेखाली पडे. दुपार निजण्यात जाई आणि ऊन कलल्यावर माणसे बाहेर पडत. आता मोटारी व दुचाकी भर दुपारी येऊन थडकतात आणि सायंकाळपूर्वी परतण्याची घाई करतात. आमराया तुटल्या, वाटेवरची वडा-लिंबाची झाडे रस्तारुंदीत गेली आणि देवळांच्या आवारात मातीच्या जागी फरशी आली. व्यवस्था न करताही जी सावली मिळत होती, ती आता केल्यावाचून मिळणार नाही. जुन्या जत्रेचा दाखला द्यावयाचा असेल, तर तिच्यातील हे शहाणपणही स्वीकारले पाहिजे.

नदीचा धाक

उन्हाखालोखाल धोका आहे तो पाण्याचा. नदीकाठच्या जत्रेत स्नान हा विधी असतो आणि मुलांसाठी तो सर्वांत मोठा आनंद असतो. परंतु आजची नदी ही पूर्वजांच्या ओळखीची नदी राहिलेली नाही. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि नीरेच्या खोऱ्यात भाटघर, वीर अशी धरणे आहेत. संगमावर पाणी किती असावे हे आता केवळ पाऊस ठरवीत नाही. वरच्या धरणांतून काय सोडले जाते यावरही ते अवलंबून असते. सकाळी गुडघाभर असलेले पाणी पुढे तेवढेच राहील, असा भरवसा देता येत नाही. वाळूच्या उपशाने पात्रात जागोजाग खड्डे पडलेले असतात. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली दोन पावलांच्या अंतरावर पुरुषभर डोह असू शकतो. घाटावर कपडे सांभाळीत बसलेल्या आजीला तो दिसत नाही आणि पाण्यात उडी टाकणाऱ्या नातवाला तो ठाऊक नसतो.

वैशाखात नदी कोरडी असते, ही समजूतही आता बेभरवशाची झाली आहे. मे २०२५च्या अखेरच्या आठवड्यात याच दोन तालुक्यांत अतिवृष्टी झाली, बारामतीजवळ नीरा डाव्या कालव्याला भगदाड पडले आणि मृगाच्या आधीच शेतांत व घरांत पाणी शिरले. जत्रेच्या हंगामातच पूर येऊ शकतो, हे त्यावरून लक्षात यावे.

होडीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. उजनीच्या फुगवट्याने इंदापूर आणि करमाळा या तालुक्यांतील जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. पाण्यापलीकडचे गाव डोळ्यांना दिसते; पण रस्त्याने तेथे जावयाचे तर मोठा वळसा पडतो. म्हणून माणसे होडीने जातात. २१ मे २०२४ रोजी, वैशाखी पौर्णिमेला दोन दिवस उरले असताना, करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी सायंकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांना जलसमाधी मिळाली. त्यांत दोन चिमुकली मुले होती. वळवाचा वारा या दिवसांत दुपारनंतर सुटतो, हे या भागातील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. तरीही सायंकाळी प्रवासी होडी सोडावी की सोडू नये, तिच्यात किती माणसे बसवावीत, कडेवरच्या मुलाच्या अंगात तरंगते जाकीट असावे की नसावे, हे सारे त्या वेळच्या अंदाजावर राहते.

ही घटना जत्रेतील नव्हती. परंतु उन्हाळ्याच्या सुट्टीत या पाण्यावर मुलांना घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढत आहे, ही वस्तुस्थिती आहे. भिगवण, कुंभारगाव या बाजूला रोहित पक्षी पाहण्यासाठी शहरांतून कुटुंबे येतात आणि होडीतून जलाशयात जातात. पाणी खूप उतरले की पळसदेवचे बुडालेले प्राचीन देऊळ वर येते आणि ते पाहण्यासाठी गर्दी लोटते. नरसिंहपूरलाही संगम आहे आणि पलीकडच्या तीरावर सोलापूर जिल्हा आहे. ज्या पाण्याने या भागाला ऊस दिला, कारखाने दिले आणि आता पर्यटनही दिले, त्या पाण्याचा धाक बाळगण्याची शिस्त मात्र दिलेली नाही. ती माणसांनीच घालून घेतली पाहिजे. स्नानाची जागा दोर आणि पिंपे लावून आखून देणे, तेवढ्या जागेचा तळ जत्रेपूर्वी तपासून घेणे, गावातील पट्टीचे पोहणारे तरुण पाळीपाळीने काठावर बसविणे, उत्सवाच्या दिवसांत पाणी सोडावयाचे असल्यास पाटबंधारे खात्याने ग्रामपंचायतीला आगाऊ कळविणे आणि जाकिटावाचून एकाही मुलाला होडीत न घेणे, यांपैकी एकही गोष्ट अवघड नाही.

वारीला जमते ते जत्रेला का नाही?

हे सारे आदर्श म्हणून ठीक आहे, पण खेड्यातील जत्रेला ते झेपेल काय, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर शोधण्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. याच दोन तालुक्यांतून, जत्रांचा हंगाम संपतो न संपतो तोच, संत तुकाराम महाराजांची पालखी पंढरीकडे जाते. बारामतीचा मुक्काम, काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि पालखीभोवती धावणाऱ्या मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीचे गोल रिंगण, पुढे इंदापूरचा मुक्काम आणि रिंगण, हे सोहळे पाहण्यासाठी आसपासच्या खेड्यांतून माणसे लेकराबाळांसह लोटतात. मेंढ्यांचा कळप किंवा धावता अश्व पाहून बापाच्या खांद्यावरील मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो, तो जत्रेतील आनंदाहून वेगळा नसतो.

परंतु व्यवस्थेत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पालखीमार्गावर पाण्याचे टँकर उभे असतात, फिरती शौचालये असतात, वैद्यकीय पथके असतात, रुग्णवाहिका सज्ज असतात. अलीकडच्या वर्षांत स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्षही उभारले जाऊ लागले आहेत. लेकरासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या गवळणीचे नाव त्या कक्षांना द्यावे, यातच महाराष्ट्राला हा प्रश्न समजतो हे दिसून येते. हे सारे करणारी माणसे कोण आहेत? तेच तहसीलदार, तेच गटविकास अधिकारी, तीच प्राथमिक आरोग्य केंद्रे, त्याच ग्रामपंचायती. जे काम ही यंत्रणा वारीत लाखोंच्या समुदायासाठी करून दाखविते, ते वैशाखात काही हजारांच्या जत्रेसाठी तिला करता येत नाही, असे म्हणणे पटण्याजोगे नाही. अडचण क्षमतेची नसून दृष्टीची आहे. वारीकडे राज्याचे लक्ष असते, वर्तमानपत्रांचे लक्ष असते आणि मंत्र्यांचेही असते. गावच्या जत्रेकडे फक्त गावाचे लक्ष असते.

कायद्याचेही पाठबळ नाही असे नाही. ग्रामपंचायतींसंबंधीच्या १९५८च्या कायद्याने पंचायतींना यात्रेकरूंवर व जत्रांवर कर बसविण्याचा अधिकार दिला आहे. जो कर घेऊ शकतो, त्याने सोय करावी, हा साधा न्याय आहे. दुकानांच्या जागांचे पैसे घ्यावयाचे, पाळण्यांकडून भाडे घ्यावयाचे आणि पाण्याच्या टाकीसाठी मात्र जिल्हा परिषदेकडे बोट दाखवावयाचे, हे योग्य नव्हे. जेथे देवस्थानाचा विश्वस्त निधी आहे, तेथे विश्वस्तांवरही तीच जबाबदारी येते. नरसिंहपूरसारख्या क्षेत्रासाठी शासनाने विकास आराखडा हाती घेतला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु घाट, रस्ते आणि भक्तनिवास यांनी क्षेत्राचे रूप बदलत असताना, त्या घाटावर एक झाड किती वर्षांनी सावली देईल, याचाही हिशेब आराखड्यात असावा. दगडाचा घाट एका वर्षात होतो. चिंचेची सावली व्हावयास एक पिढी लागते. म्हणून झाड आधी लावले पाहिजे.

दुर्लक्षाचा परिणाम कोठवर जातो याचे भीषण उदाहरण महाराष्ट्रासमोर आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेव गडावर काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जवळजवळ तीनशे भाविक प्राणास मुकले. अरुंद वाट, दोन्ही बाजूंनी दुकाने, निसरड्या पायऱ्या आणि एकदम लोटलेली गर्दी, ही कारणे कोणालाही आधी दिसू शकली असती. न्यायमूर्ती कोचर यांचा चौकशी आयोग त्यानंतर नेमला गेला. दुर्घटनेनंतर नेमलेला आयोग जे सांगतो, ते दुर्घटनेपूर्वी गावच्या बैठकीत एखादा शहाणा माणूस सांगू शकतो. मात्र त्याला त्या बैठकीत जागा असली पाहिजे.

बैठकीत कोण हवे?

आणि येथेच मुद्द्याची गोष्ट येते. जत्रेच्या बैठकीत अंगणवाडी सेविकेला जागा नाही. गावात पाच वर्षांखालील मुले किती, कोणते मूल अशक्त आहे, कोणती बाई बाळंतीण आहे, हे जिला पाठ असते तीच या बैठकीला नसते. एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली. अर्धे शतक लोटले. आशा कार्यकर्तीही आता गावोगाव आहे. या दोघींना महिनाभर आधी बोलावून, मुलांसाठी काय हवे एवढे जरी विचारले, तरी आजवर न सुचलेल्या अनेक गोष्टी सुचतील. जत्रेच्या दिवशी अंगणवाडीची खोली उघडी ठेवावी, तेथे सतरंजी अंथरावी, दोन माठ भरून ठेवावेत, साखर-मिठाचे पाणी करून ठेवावे, चार झोळ्या बांधाव्यात आणि बाहेर मोठ्या अक्षरांत पाटी लावावी. एवढ्यानेही वैशाखातील दुपार पुष्कळ सुसह्य होईल.

चुकलेल्या मुलांचा प्रश्नही असाच सोपा आहे आणि तसाच उपेक्षित आहे. ध्वनिवर्धकावरून दिवसभर देणगीदारांची नावे वाचली जातात. मधूनच कोणाचे तरी पोर सापडल्याची हाक दिली जाते आणि ती गाण्यांत विरून जाते. वेशीवरच प्रत्येक मुलाच्या मनगटावर पालकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिण्याची सोय केली, चुकलेल्या मुलांसाठी एकच ठरलेली जागा ठेवली आणि तेथे ओळखीची एक स्त्री व एक पोलीस बसविला, तर निम्मी धावपळ वाचेल. आकाशपाळणे आणि यांत्रिक घोडे यांची तपासणी कागदावर न राहता पाळणा फिरण्यापूर्वी प्रत्यक्ष झाली पाहिजे. त्यांच्या विजेच्या तारा पायाखालून जाता कामा नयेत. उपनगरातील एखाद्या क्रीडाउद्यानात जो पालक या गोष्टींचा आग्रह धरतो, तोच गावच्या जत्रेत त्यांविषयी गप्प बसतो. जणू काही जत्रेत देव सांभाळून घेईल.

खर्चाची सबब पुढे केली जाईल. परंतु जत्रेचा खर्च नजरेखालून घातला तर ती टिकत नाही. कमानी, फलक, कर्णकर्कश ध्वनियंत्रणा आणि शोभेची दारू यांवर जी रक्कम जाते, तिच्या एका लहानशा अंशात मांडव, माठ आणि दोर यांचा खर्च भागेल. कुस्त्यांची इनामे कमी करा, असे कोणी म्हणणार नाही. तमाशा बंद करा, असेही नाही. जत्रेची रंगत त्यांत आहे. प्रश्न फक्त अग्रक्रमाचा आहे. गाडगेबाबा जत्रेत येत तेव्हा हाती खराटा घेऊन आधी आवार झाडीत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या त्या गोरगरिबाला पाठ टेकता यावी म्हणून. सोय आधी आणि सोहळा मागाहून, हा त्यांनी घालून दिलेला क्रम होता.

उन्हाळ्यात मुलांना जत्रेत नेऊच नये, असा सोपा उपायही कोणी सुचवील. तो सुशिक्षितांच्या तोंडी शोभतो. कारण त्यांच्या मुलांना दुसरीकडे जाता येते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी बारामती तालुक्यातच पळशीवाडी येथे कृषिपर्यटनाचा प्रयोग सुरू झाला आणि तो नावाजला गेला. शहरातील कुटुंबे शुल्क भरून शेतावर दिवस घालवू लागली. अशा ठिकाणी पाहुण्याला सावली, पाणी, जेवण आणि दुपारची विश्रांती मिळते, कारण त्याने पैसे मोजलेले असतात. जत्रेत येणारा शेतमजूर पैसे मोजू शकत नाही, म्हणून त्याच्या मुलाला माठातील पाणीही मिळू नये काय? जत्रा हा गरिबाचा बिनखर्चाचा सहलीचा दिवस आहे. तो त्याच्यापासून हिरावून घेण्याऐवजी तो सुखाचा करणे, हे ग्रामपंचायतीचे, देवस्थानाचे आणि शासनाचे काम आहे.

पुढच्या वैशाखापर्यंत या दोन तालुक्यांनी फार मोठे काही करावयाचे नाही. दर गावाच्या जत्रेच्या बैठकीत पहिला विषय मुलांचा ठेवावा आणि त्याचा निकाल लागल्याखेरीज फडाची सुपारी देऊ नये, एवढा संकल्प पुरेसा आहे. जत्रा चांगली झाली की वाईट, याचा निवाडा आखाड्यात किती मल्ल उतरले यावर न करता, जत्रेला आलेले सर्वांत धाकटे लेकरू सायंकाळी हसतखेळत घरी पोहोचले की नाही, यावर केला पाहिजे. प्रल्हादाच्या देवाला याहून वेगळा नैवेद्य हवा असेल, असे वाटत नाही.